पाटीवरचं एक वाक्य

२०२५ साली वाघनखं नागपूरच्या अजब बंगल्यात आली, तेव्हा ब्रह्मपुरीहून आम्ही आजा-नातू सकाळच्या एसटीने ती पाहायला गेलो. नागभीड, भिवापूर, उमरेड, मग नागपूर. नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्येच बंद झाली, नाहीतर पोराला तिच्यातूनच नेलं असतं. अजब बंगल्यात काचेच्या पेटीभोवती ही गर्दी. आमचा नंबर आला तसा नातवाने पेटीला नाक लावलं आणि विचारलं, “आबा, हेच होय का ते? खरंखुरं?”

मागून रांग ढकलत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण चाळीस वर्षं वर्गात इतिहास शिकवलेल्या माणसाची जीभ अशा वेळी अडखळते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आजवर छातीठोकपणे सांगितलेलं नाही, की प्रतापगडाखाली वापरलं गेलं ते शस्त्र हेच. त्यांच्याकडे सोबत एक डबी आहे आणि तिच्यावर इंग्रजी मजकूर आहे. हे शिवाजीचं वाघनख, साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाने दिलं, असा त्याचा आशय. डबीवर लिहिलंय एवढाच पुरावा. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी त्यावर जाहीर शंका घेतली. ३ ऑक्टोबर २०२३ ला लंडनमध्ये करारावर सही करणारे सांस्कृतिक कार्यमंत्री आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याचे, सुधीर मुनगंटीवार. त्यामुळे हा वाद इकडच्या पानठेल्यांवरही पुरेसा रंगला. शिवाय वाघनखं आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. तेव्हा ‘परत आली’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो.

एवढं सगळं रांगेत उभं राहून सांगता येत नाही. परतीच्या एसटीत मी त्याला दुसरीच गोष्ट सांगितली. परदेशी गेलेलं एक विमान, ते मायदेशी यावं म्हणून वीस वर्षं चाललेलं भांडण, आणि त्या भांडणाच्या मुळाशी संग्रहालयातल्या पाटीवरचं एक वाक्य.

विमान राइट बंधूंचं. १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, किटी हॉक गावाजवळच्या रेताड समुद्रकाठी ते उडालं. पहिली पाळी ऑर्विलची, १२ सेकंद, १२० फूट. त्या दिवसातलं चौथं आणि शेवटचं उड्डाण विल्बरचं, ५९ सेकंद, ८५२ फूट. जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरच्या जॉन डॅनियल्सने तोवर कॅमेरा पाहिलेलाही नव्हता. ऑर्विलने तो तिकाटण्यावर लावून दिला होता, डॅनियल्सने फक्त रबरी फुगा दाबला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक असं निघालं. चौथ्या उड्डाणानंतर विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याचा झोत आला, त्याने ते उलटंपालटं केलं, आणि धरायला धावलेला डॅनियल्स त्याच्यातच अडकून खरचटला. ते विमान पुन्हा कधी उडालं नाही. उभ्या आयुष्यात जेमतेम शंभर सेकंद हवेत.

मोडकं सामान खोक्यांत भरून दोघे भाऊ डेटनला, आपल्या सायकलच्या दुकानी परतले. खोकी मागच्या शेडमध्ये पडून राहिली. १९१३ च्या मार्चमध्ये डेटनला मोठा पूर आला, तेव्हा ती अकरा दिवस पाण्यात आणि चिखलात होती. वैनगंगेचा पूर ज्यांच्या घरात शिरलेला आहे त्यांना हे चित्र वेगळं समजावून द्यायला नको. पाणी उतरल्यावर धान्याची कणगी उघडायचा जसा धीर होत नाही, तशी ती खोकीही पुढे बराच काळ कोणी उघडली नाहीत.

आता दुसऱ्या पक्षाची बाजू. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ले मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. युद्धखात्याने त्यांना विमानासाठी ५० हजार डॉलर दिले होते. पोटोमॅक नदीत नांगरलेल्या नावेच्या छतावरून त्यांचं ‘एरोड्रोम’ ७ ऑक्टोबर १९०३ ला सोडलं, ते सरळ पाण्यात गेलं. ८ डिसेंबरला पुन्हा सोडलं, पुन्हा पाण्यात. चालक चार्ल्स मॅनली दोन्ही वेळा बचावला. वर्तमानपत्रांनी म्हाताऱ्याची यथेच्छ टर उडवली, आणि नऊच दिवसांनी दोन सायकलवाल्यांनी स्वतःच्या पैशाने काम केलं. १९०६ मध्ये लँग्ले वारले. मला त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. त्यांनी स्वतः राइटांचं श्रेय कधी नाकारलं नव्हतं. पुढचा सगळा उपद्व्याप त्यांच्या चाहत्यांचा. मेलेल्या माणसाचे चाहते हे प्रकरण इतिहासात नेहमीच जड जातं.

लँग्लेनंतर प्रमुख झाले चार्ल्स वॉलकॉट. १९१० मध्ये राइट बंधूंनी आपलं १९०३ चं विमान संस्थेला द्यायची तयारी दाखवली. वॉलकॉट यांनी कळवलं की ते राहू द्या, नंतरचं, सुधारलेलं द्या, लँग्लेंच्या यंत्रांशेजारी मांडता येईल. राइटांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. पहिलं विमान नको असलेलं संग्रहालय! मे १९१२ मध्ये विल्बर टायफॉइडने गेला, वय अवघं ४५. उरला ऑर्विल. लाजाळू, मितभाषी, आणि अपमान न विसरणारा.

त्या वर्षांत राइटांचा पेटंटचा खटला ग्लेन कर्टिसशी चालू होता. जानेवारी १९१४ मध्ये निकाल राइटांच्या बाजूने लागला. राइटांच्या आधीच उडू शकणारं विमान अस्तित्वात होतं एवढं दाखवता आलं, तर पेटंटची पकड सैल होणार होती. कर्टिसला ते हवं होतं आणि स्मिथसोनियनला लँग्लेंचं नाव उजळायचं होतं. संस्थेने लँग्लेंच्या विमानाचे जुने सांगाडे कर्टिसच्या हवाली केले, वर खर्चाला दोन हजार डॉलर दिले. २८ मे १९१४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टच्या तळ्यावरून ते यंत्र पाण्यावरून उठलं आणि दीडेकशे फूट जाऊन बसलं. देखरेखीला संस्थेतर्फे अल्बर्ट झाम होते. हेच झाम पेटंटच्या खटल्यात कर्टिसच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले होते. आमच्याकडे गावच्या तंट्यातसुद्धा पंच निवडताना याहून जास्त काळजी घेतात.

प्रत्यक्षात त्या यंत्राच्या पंखांचा बाक बदलला होता, पंखांना आधार देणाऱ्या तारा नव्याने लावल्या होत्या, पंखे आणि सुकाणूची व्यवस्था वेगळी केली होती, खाली तरंगते बसवले होते. पुढच्या चाचण्यांत तर इंजिनही कर्टिसचंच. राइटांचा इंग्रज मित्र ग्रिफिथ ब्रूअर हॅमंड्सपोर्टला जाऊन हे पाहून आला. १९१५ मध्ये ऑर्विलने थोरल्या भावाला, लॉरिनला, खोटं नाव देऊन तिकडे पाठवलं. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ हातात कॅमेरा घेऊन तळ्याकाठी हेर म्हणून फिरतोय, हे दृश्य मला फार आवडतं. मोडलेल्या पंखांचे फोटो त्याने काढले, पण कर्टिसच्या माणसांनी अडवून फिल्म काढून घेतली.

चाचण्या संपल्यावर संस्थेने त्या यंत्राचे सगळे बदल काढले, त्याला १९०३ चं मूळ रूप दिलं, आणि १९१८ मध्ये ते लोकांपुढे टांगलं. उडवलं एक, मांडलं दुसरं. खाली पाटी लावली की माणसाला घेऊन सलग, मुक्त उड्डाण करू शकणारं हे जगाच्या इतिहासातलं पहिलं विमान.

‘करू शकणारं’. केलेलं नव्हे.

शंकरपटात धावून पट मारलेली बैलजोडी वेगळी आणि ‘मारू शकली असती’ ती वेगळी, हे आमच्या झाडीपट्टीत शेंबड्या पोराला कळतं. स्मिथसोनियनच्या विद्वानांनाही ते कळत होतंच. म्हणून तर एवढा नेमका शब्द शोधला होता.

ऑर्विलने पत्रं लिहिली, निष्पक्ष चौकशी मागितली, बदलांची यादी समोर ठेवली. ब्रूअरने १९२१ मध्ये लंडनला रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे व्याख्यान देऊन सगळं उघड केलं. संस्थेने दाद दिली नाही. मध्यंतरी पाटीत ‘अनेक जाणकारांच्या मते’ एवढा पदर जोडला, तेवढाच. अखेर १९२५ मध्ये ऑर्विलने जाहीर केलं की आपलं विमान आपण लंडनच्या सायन्स म्युझियमला देणार.

पाठवण्याआधी त्याने ते नीट केलं. १९२७ मध्ये पंखांवरचं कापड बदललं, नवी मलमल चढवली. जुनं कापड पुराचं पाणी पिऊन विटलेलं होतं. यंत्राचा दांडा आणि गतिचक्र तर १९०६ च्या एका प्रदर्शनातच गहाळ झालं होतं. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ विमान’ म्हणतो त्याचं कापड दुसरं आणि इंजिनाचे काही भागही दुसरे. मला यात वावगं वाटत नाही. गावच्या मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढतात, म्हणून मारुती बदलत नाही. पण वाघनखांबद्दल ‘खरं की खोटं’ एवढ्या दोनच खणांत उत्तर मागणाऱ्यांनी हा कापडाचा तपशील लक्षात ठेवावा. फरक एवढाच, की इथे काय बदललं आणि कोणी बदललं याची नोंद आहे.

जानेवारी १९२८ च्या अखेरीस खोकी जहाजावर चढली. आदल्याच वर्षी लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला होता, अमेरिका विमानवेडी झाली होती, आणि नेमकं तेव्हाच पहिलं विमान साउथ केन्सिंग्टनला, इंग्रजांच्या घरी. लोकांनी ऑर्विलवर राग काढला. राष्ट्राचा ठेवा राष्ट्राबाहेर नेला म्हणाले. त्याने एका नियतकालिकात लेख लिहून आपली बाजू मांडली. इथे आहे तोवर लोक या वादाकडे ढुंकून पाहणार नाहीत, गेलं तर विचारतील का गेलं, असा त्याचा हिशेब. रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखा. सासरच्यांना चार लोकांत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा कुठे तिच्या म्हणण्याकडे लक्ष जातं.

वॉलकॉट १९२७ मध्ये वारले होते. नवे प्रमुख चार्ल्स अॅबट माणूस सौम्य. त्यांनी पाटी आणखी मवाळ केली, पण संस्थेच्या चुकीचा कबुलीजबाब द्यायची त्यांची तयारी नव्हती. आणि ऑर्विलला मवाळ पाटी नकोच होती. त्याचं मागणं शिक्षकी होतं. एका रकान्यात १९०३ चं लँग्लेंचं विमान, शेजारच्या रकान्यात १९१४ चं, असे सगळे फरक संस्थेने आपल्या प्रकाशनात छापावेत. बस. लिंडबर्गनेही १९३० नंतर मध्यस्थी करून पाहिली, जमलं नाही. १९३७ मध्ये ऑर्विलने मृत्युपत्र केलं. आपण हयातीत लेखी पत्राने वेगळं सांगितलं नाही, तर विमान कायमचं लंडनचं.

ऑर्विलचा हट्ट अती होता का? मी पुष्कळ विचार केला. दोन माणसांची भेट, चहाचा एक कप, यात जे मिटलं असतं त्याला वीसहून जास्त वर्षं लागली. पण हयात असलेल्या शोधकाला संस्था सांगते की तुझा शोध दुसऱ्याचा, तेव्हा त्याने किती नमतं घ्यायचं हे तिऱ्हाइताने ठरवू नये. दोन रकाने छापायला संस्थेला चोवीस वर्षं लागली, हे मात्र कोणत्याही बाजूने पाहिलं तरी लाजिरवाणंच.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले. विमान संग्रहालयातून काढून विल्टशरमधल्या कॉरशॅमच्या जमिनीखालच्या खाणीत नेऊन ठेवलं. ज्या यंत्राने आकाश खुलं केलं ते आकाशातून येणाऱ्या बॉम्बच्या भयाने भुयारात. तिकडे ऑर्विलचं चरित्र लिहिणाऱ्या फ्रेड केलीने अॅबटशी पत्रव्यवहार करून, मजकुराचे खर्डे इकडून तिकडे नेऊन, अखेर ते साधलं. २४ ऑक्टोबर १९४२ ला स्मिथसोनियनने पत्रिका छापली. शीर्षक १९१४ च्या चाचण्यांचं, आत दोन रकाने, आणि खेद. १९४३ च्या डिसेंबरमध्ये ऑर्विलने लंडनला कळवलं की युद्ध सरलं की विमान परत मागेन, तुम्ही तोवर प्रतिकृतीसाठी त्याची मापं घ्या. पण गाजावाजा केला नाही. ३० जानेवारी १९४८ ला, आपल्याकडे गांधीजी गेले त्याच दिवशी, ऑर्विल डेटनला वारला, आणि जगाला वाटलं की विमान आता लंडनचंच. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांना ते पत्र हाती लागलं तेव्हा प्रश्न सुटला. इंग्रजांनी खळखळ केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. इतर देशांच्या वस्तूंबाबत तीच मंडळी काय करतात ते आपण जाणतोच. इथे देणाऱ्याचा लेखी शब्द होता.

१९४८ च्या नोव्हेंबरमध्ये खोकी ‘मॉरिटानिया’ जहाजावर चढली. न्यूयॉर्कला गोदी कामगारांचा संप. जहाज कॅनडातल्या हॅलिफॅक्सला वळवलं. तिथून अमेरिकी नौदलाच्या ‘पलाऊ’ या विमानवाहू जहाजाने खोकी घेतली. ज्याच्या पोटी सगळ्या विमानांचा जन्म, ते मोडून खोक्यांत, विमानं वाहणाऱ्या जहाजावर! पुढे न्यू जर्सीच्या बंदरात उतरवून ट्रकने वॉशिंग्टन. १७ डिसेंबर १९४८ ला, पहिल्या उड्डाणानंतर बरोबर ४५ वर्षांनी, ते लोकांपुढे टांगलं गेलं. साउथ केन्सिंग्टनला त्याच्या रिकाम्या जागी दि हॅविलंड कंपनीच्या तंत्रशाळेतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेली प्रतिकृती लागली, ती आजही तिथे आहे.

इथवर नातू डोळे विस्फारून ऐकत होता. पुढचा भाग मी त्याला अर्धाच सांगितला, कारण तो मलाच नीट पचलेला नाही.

स्मिथसोनियनने ते विमान एक डॉलरला विकत घेतलं. २३ नोव्हेंबर १९४८ चा करार आहे. त्यात पाटीवर काय लिहायचं ते शब्दन्‌शब्द ठरवलेलं आहे. आणि एक अट. संस्थेने किंवा तिच्या अखत्यारीतल्या कोणीही यापुढे कधी असं म्हटलं, की राइटांच्या १९०३ च्या विमानाआधी दुसरं एखादं विमान माणसाला घेऊन स्वतःच्या शक्तीने ताब्यात राहून उडू शकत होतं, तर विमान वारसांकडे परत जाईल. व्यवस्थापकांची भीती समजते. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. पण ज्या संस्थेने एका खोट्या पाटीची किंमत मोजली, तिने खऱ्या पाटीसाठी आपली जीभ गहाण ठेवली, असं कोणी म्हटलं तर उत्तर काय द्यायचं?

हे म्हटलंही गेलं. २०१३ मध्ये विमानांच्या जगप्रसिद्ध वार्षिकाने, ‘जेन्स’ने, कनेक्टिकटमधल्या गुस्ताव्ह व्हाइटहेडने १४ ऑगस्ट १९०१ लाच उड्डाण केलं होतं असा पक्ष घेतला. त्या राज्याने कायदा करून त्याला मान दिला. स्मिथसोनियनच्या इतिहासकारांनी दावा फेटाळला, माझ्या मते योग्य कारणांनी. व्हाइटहेडच्या उड्डाणाचा एकही स्पष्ट फोटो नाही. पण विरोधकांनी लगेच करार पुढे केला. तुम्ही दुसरं म्हणूच शकत नाही! आणि संस्थेचं बरोबर असलेलं उत्तरही त्यामुळे विकत घेतल्यासारखं वाटू लागलं.

इथे माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी वाचकाला शिवकर बापूजी तळपदे आठवणारच. जे. जे. कला शाळेशी संबंध असलेला, वेद-संस्कृताचा नाद लागलेला हा मुंबईकर. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. बडोद्याचे महाराज हजर होते, पुढे घरच्यांनी सामान एका इंग्रजी कंपनीला विकलं, असेही पदर त्याला लागतात. म्हणजे आपलंही पहिलं विमान परदेशी नेलेलं आणि परत मागायला हवं असलेलं! दुर्दैवाने डॅनियल्ससारखा फुगा दाबणारा कोणी चौपाटीवर नव्हता, की त्या दिवसाची भरवशाची नोंद नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा यात आधार घेतात, त्यातल्या यंत्रांचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ती उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांची धडपड खरी असेल, मला ती आदराने आठवते. पण त्यांच्या नावापुढेही लोक ‘उडवू शकलेले’ लिहितात तेव्हा मला वॉशिंग्टनची ती १९१८ ची पाटी दिसते.

एसटी उमरेडला थांबली, आम्ही चहा घेतला, गोष्ट तिथे संपली. असं मला वाटलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेपरात रघुजी भोसल्यांच्या तलवारीचा फोटो आला. एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघालेली ती तलवार राज्य सरकारने ४७ लाख १५ हजारांना घेतली आणि मुंबईत आणली. ही उसनी नाही, विकत घेतलेली, आपल्या मालकीची. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर नागपूरकरांचा खजिना इंग्रजांच्या हाती गेला, त्यात ती गेली असावी असा अंदाज आहे. पातं युरोपी, मूठ इथली, आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत श्रीमंत राघोजी भोसले सेना साहेब सुभा यांचं नाव. या वस्तूची पाटी तिच्या अंगावरच आहे, कोणी बदलू शकत नाही. मी खुशीत नातवाला तो फोटो दाखवला. हेच ते पहिले रघुजी, म्हटलं, ज्यांनी बंगालपर्यंत धडक मारली, आणि १७५१ मध्ये आपलं चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, घेतलं.

“कोणाकडून घेतलं?”

“गोंड राजाकडून. नीळकंठशहा. त्याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं.”

पोरगा मागच्याच महिन्यात शाळेच्या सहलीला चंद्रपूरला जाऊन आला होता. परकोटाच्या दरवाजांवर कोरलेले हत्ती आणि सिंह त्याने वहीत काढून आणले होते. ती वही त्याने दप्तरातून काढली, तलवारीच्या फोटोशेजारी ठेवली, आणि विचारलं, “मग आबा, त्याचं नाव कोठं लिहिलं आहे?”